सौम्य प्रकाशात मृगाचा किडा



आयुष्यभर मराठी शिकवलेल्या माणसाने संतसाहित्यावर किंवा कवितेवर बोलावे, अशी आपली अपेक्षा असणे स्वाभाविक आहे. परंतु ज्यांच्या स्मरणार्थ आपण येथे जमलो आहोत ते आमचे सर जीवशास्त्राचे शिक्षक होते, आणि त्यांनी मला विचारलेल्या एका प्रश्नाचे उत्तर देणे माझ्याकडून राहून गेले आहे. ते आज द्यावे या हेतूने मी कीटकांचे छायाचित्रण आणि त्याला लागणारा सौम्य प्रकाश हा विषय निवडला.

गोष्ट 1964 सालची. मी नववीत होतो. मृग नक्षत्र लागून बेळगावात पहिला पाऊस पडून गेला होता. सरांनी आमचा वर्ग टिळकवाडीतल्या व्हॅक्सिन डेपोच्या झाडीत नेला. ओल्या तांबड्या मातीवर कुणी मखमलीचे कपटे उधळावेत तसे मृगाचे किडे फिरत होते. दुसऱ्या दिवशी वर्णन लिहून आणायचे होते. मी दोन पाने लिहिली. कुंकू, माणिक, मखमल यांपैकी एकही उपमा सोडली नाही, आणि ‘सहा पायांनी तुरुतुरु चालणारा हा जीव’ असे ऐटीत लिहिले. सरांनी भाषेचे कौतुक केले. मात्र ‘सहा’ या शब्दाखाली तांबडी रेघ ओढून समासात लिहिले, ‘पाय मोजलेस का?’

मी मोजले नव्हते. कीटकाला सहा पाय असतात हे पुस्तकातले वाक्य मी त्या जिवाला चिकटवून टाकले होते. सरांना ते ठाऊक होते. त्यांनी उत्तर सांगितले नाही आणि मीही शोधले नाही.

पुढे मी प्राध्यापक झालो. संस्कृतातला ‘इंद्रगोप’ हा शब्द वर्गात निघाला की ‘पावसाच्या आरंभी दिसणारा तांबडा किडा’ असे सांगून मी पुढे जात असे. या शब्दाचे कोशांत एकाहून अधिक अर्थ सापडतात, काही ठिकाणी तर काजवाही सापडतो. अनेक अभ्यासक मात्र इंद्रगोप म्हणजे आपला मृगाचा किडाच असे मानतात. मी कोश पुष्कळ चाळले, पण मृगाच्या पावसात खाली वाकून पाहणे काही घडले नाही.

निवृत्तीनंतर मुलाने कॅमेरा, मॅक्रो भिंग आणि फ्लॅश आणून दिला. हौसेने मी अंगणातल्या मुंग्या, चतुर, भुंगेरे टिपू लागलो आणि थोड्याच दिवसांत निराश झालो. चकचकीत भुंगेऱ्याच्या पाठीवर पांढरा डाग पडे, पोटाखाली काळीकुट्ट सावली साचे आणि मागची सारी बाग अंधारात जाई. सकाळी दहा वाजता काढलेले चित्र मध्यरात्रीचे वाटे.

असे का होते ते थोडे तपशिलाने सांगतो. जिवाचे चित्र त्याच्या मूळ आकाराएवढे टिपायचे तर कॅमेरा फार जवळ न्यावा लागतो. माझ्या भिंगाच्या टोकापासून किडा जेमतेम पंधरा सेंटिमीटरवर असतो. इतक्या जवळून स्पष्ट दिसणारी खोली फारच थोडी राहते. भिंगाचे छिद्र एफ 11 किंवा एफ 16 इतके बारीक केले तरी ती साधारण दीड-दोन मिलिमीटर भरते. बारीक छिद्रातून उजेड कमी येतो. तो भरून काढण्यासाठी कॅमेऱ्याचा पडदा जास्त वेळ उघडा ठेवावा, तर वाऱ्याने पान हलते, हात कापतो आणि किडा चालू लागतो. म्हणून फ्लॅश लागतो. कमी शक्तीवर ठेवलेल्या फ्लॅशचा लखलखाट सेकंदाच्या सुमारे दहा हजाराव्या भागाएवढा किंवा त्याहूनही अल्प असतो. तेवढ्या अवधीत चालता किडाही स्थिर दिसतो.

फ्लॅशशिवाय भागत नाही आणि फ्लॅशने चित्र बिघडते, अशा पेचात मी असताना माझी नात सुट्टीला आली. ती अभियांत्रिकीची विद्यार्थिनी. माझी चित्रे पाहून ती म्हणाली, “आजोबा, तुमचा दिवा फार लहान आहे.” मी म्हटले, “अगं, डोळे दिपतात इतका प्रखर आहे!” ती म्हणाली, “प्रखर आहे, पण लहान आहे. आकाशकंदिलाचं काय होतं ते आठवा.”

आकाशकंदिलातला बल्ब उघडा पाहिला तर डोळ्यांना टोचतो. त्याच्याभोवती कागद आला की सगळा कंदील उजळतो, मग तो कंदीलच दिवा होतो. उजेडाचा कठोरपणा दिव्याच्या शक्तीवर अवलंबून नसतो. पाहिल्या जाणाऱ्या वस्तूला तो दिवा किती मोठा ‘दिसतो’ यावर तो ठरतो. सूर्याचा व्यास सुमारे चौदा लाख किलोमीटर, पण तो आपल्यापासून पंधरा कोटी किलोमीटरवर असल्याने आकाशात जेमतेम अर्धा अंश जागा व्यापतो. म्हणून दुपारच्या सावल्या धारदार असतात. आभाळ भरून आले की तोच प्रकाश ढगांतून पाझरतो, सारे आकाश दिवा होते आणि सावल्या विरघळतात.

नातीने पुठ्ठ्याची झडप केली, आतून चांदीचा कागद लावला आणि तोंडावर ट्रेसिंग पेपर ताणून बसवला. फ्लॅशचे तोंड सुमारे सात सेंटिमीटर बाय चार सेंटिमीटर आणि ते किड्यापासून तीस सेंटिमीटरवर होते. आता वीस बाय पंधरा सेंटिमीटरचा कागद दहा सेंटिमीटरवर आला. दिव्याचा विस्तार दहापट झाला आणि अंतर एक तृतीयांशावर आले. कागद बराच उजेड खातो, पण दिवा जवळ आल्याने ती तूट पुष्कळशी भरून निघते.

तरीही भुंगेऱ्याच्या पाठीवर मधोमध एक प्रखर ठिपका उरलाच. चकचकीत पाठ हा आरसाच असतो. तिच्यात दिव्याचे रूप जसेच्या तसे उमटते, आणि आमचा कागद मध्ये उजळ व कडेला मंद होता. मग फ्लॅशच्या तोंडाशी कागदाचा एक छोटा तुकडा आणि बाहेर मोठा कागद अशी दोन अंगे केली व मध्ये मोकळी जागा ठेवली. पहिला कागद प्रकाश पसरवतो आणि दुसरा सर्वत्र सारखा उजळतो. कागद पांढराशुभ्रच हवा. पिवळसर बटर पेपरने चित्रावर पिवळी झाक येते.

पार्श्वभूमीच्या काळोखाचे कारण वेगळे. अंतर दुप्पट झाले की उजेड एक चतुर्थांश होतो, म्हणून जवळच्या दिव्याचा प्रकाश मागच्या बागेपर्यंत पोचतच नाही. त्यावर उपाय दोन: किडा असा टिपावा की त्याच्या मागे जवळच एखादे पान असेल, किंवा कॅमेऱ्याची संवेदनशीलता वाढवून दिवसाचा उजेडही चित्रात येऊ द्यावा. दिवा मात्र वरच्या बाजूलाच ठेवावा. निसर्गात उजेड वरून येतो. चारी बाजूंनी सारखा उजेड दिला तर किडा सपाट दिसतो. पोटाखाली थोडी सावली राहिलीच पाहिजे.

इतका खटाटोप करून ‘नैसर्गिक’ दिसणारे चित्र काढणे हा बनाव नव्हे का, असे आपल्यापैकी कुणाला वाटेल. मलाही वाटले होते. पण उघड्या फ्लॅशचे चित्र सकाळची मध्यरात्र करते, जिवाचा रंग पुसते आणि त्याचे अवयव काळोखात लपवते. त्यापेक्षा हा कागद अधिक खरे बोलतो. खरा बनाव करतात ते किडा थंडगार करून, बधिर करून, हव्या त्या जागी मांडून चित्र काढणारे. ते आम्ही कधी केले नाही.

आता सरांच्या प्रश्नाकडे येतो. मी मृगाचा किडा उघड्या फ्लॅशने टिपला तेव्हा एक तांबडा डाग आणि त्याखाली काळी सावली एवढेच आले होते. पाय कुठले? हात लावून हलवावे तर तो पाय आखडून निपचित पडतो. पुढच्या जूनमध्ये झडप घेऊन मी ओल्या मातीवर पालथा पडलो. त्या चित्रात मखमलीचा एकेक केस सुटा दिसला, आणि सावलीतले पायही स्वच्छ दिसले. मी ते बोटाने मोजले. मग नातीकडून मोजून घेतले. आठ.

मृगाचा किडा कीटक नव्हेच. कोळी, विंचू, गोचीड यांच्या अष्टपाद कुळातला तो जीव आहे. इतकी वर्षे मी किडा म्हणून त्याचा अर्थ सांगत आलो होतो. पुढे वाचनात आले की अंड्यातून निघालेल्या त्याच्या पिलाला मात्र सहाच पाय असतात. त्या वयात ते कीटकांच्या अंगाला चिकटून जगते. हे वाचताच माझ्यातला नववीतला मुलगा क्षणभर सुखावला, म्हणजे आपले उत्तर अगदीच चुकीचे नव्हते! पण सरांनी पाय किती हे विचारलेच नव्हते. मोजलेस का, एवढेच विचारले होते. हे मोजायला कॅमेराही लागत नव्हता. सरांच्या खिशातले हातभिंग मागितले असते तरी पुरले असते. त्यानंतर सर कितीतरी वर्षे होते, मी त्यांच्या घरी जात होतो. त्यांनी तो विषय पुन्हा काढला नाही आणि मी उत्तर घेऊन गेलो नाही. आज ते या भिंतीवरच्या तसबिरीत आहेत, म्हणून आपल्या साक्षीने सांगतो: सर, आता मोजले.

ते चित्र मोठे करून मी शाळेच्या प्रयोगशाळेसाठी आणले आहे. चित्राखाली पायांची संख्या मुद्दाम लिहिलेली नाही. शेजारी ती पुठ्ठ्याची झडपही ठेवली आहे. कागद फाटला तर दहा-वीस रुपयांत नवा बसतो. आज आठ हा आकडा तुम्ही माझ्याकडून ऐकला आहे. विद्यार्थी मित्रांनो, जूनमध्ये पाऊस पडला की त्यावर विश्वास न ठेवता स्वतः मोजा.