दौलताबादेतले जिनप्रभसूरी



मराठीच्या भवितव्याची काळजी वाहणं हे संमेलनाध्यक्षाचं काम मानलं जातं. ते आज मी इतर वक्त्यांवर सोपवतो. मला बोलायचंय एका जैन साधूबद्दल आणि एका सुलतानाबद्दल. कारण या गोष्टीचा एक धागा आपल्याच वाशीम जिल्ह्यातल्या शिरपूरपर्यंत येतो.

साधू म्हणजे ‘खरतर गच्छ’ या श्वेतांबर शाखेचे जिनप्रभसूरी. सुलतान महंमद तुघलक. लहरी कारभाराला आपण आजही ज्याचं नाव देतो, तोच. १३२८ साली दिल्लीत दोघं भेटले. सूरींच्या ‘विविधतीर्थकल्प’ या ग्रंथात हकिकत आहे, की सुलतानानं त्यांना जवळ बसवलं, अर्ध्या रात्रीपर्यंत चर्चा केली, धन आणि गाई देऊ केल्या. साधूला यातलं काहीच चालत नाही. पण सुलतानाचा मान मोडायला नको, म्हणून त्यांनी कांबळी-वस्त्रं तेवढी ठेवून घेतली. मागितलं ते वेगळंच: शत्रुंजय, गिरनार यांसारख्या तीर्थांना अभय देणारं फर्मान, आणि तुघलकाबादच्या कोठारात पडलेली महावीरांची मूर्ती. दोन्ही मिळालं.

इथं टाळ्या वाजवण्याआधी जरा थांबा. मूर्ती कोठारात गेली कशी? हांसीच्या अंमलदारानं ती उचलून दिल्लीला आणली होती. म्हणजे नेणारी राजवट तीच आणि देणारीही तीच. या संबंधांना कुणी निव्वळ सलोखा म्हणतं, कुणी निव्वळ जुलूम. मला दोन्ही शब्द अपुरे वाटतात. ही मला वाटाघाट दिसते. साधू निःसंग खरा, पण त्याच्या मागं व्यापारी श्रावक उभा असे, आणि सुलतानाला व्यापाऱ्याची गरज होतीच.

पुढं अकबराच्या भेटीला हीरविजयसूरी गुजरातेतून पायी फत्तेपूर सिक्रीला गेले, १५८३ साली पोचले, पर्युषणात जीवहत्या बंद करवून आले. ते सर्वांना ठाऊक आहे. जैन व्यापारी शांतिदास जव्हेरींचं प्रकरण अधिक बोलकं आहे. १६४५ साली अहमदाबादचं त्यांचं चिंतामणी पार्श्वनाथ मंदिर शाहजादा औरंगजेबानं मशिदीत बदललं. १६४८ला शाहजहाननं फर्मान काढून ती जागा परत दिली. आणि १६६०मध्ये खुद्द बादशहा औरंगजेबानं याच शांतिदासांना शत्रुंजय-गिरनारचं फर्मान दिलं. माणसं तीच, गरजा बदलल्या.

जिनप्रभसूरी मात्र आपल्याकडे आले. दिल्लीहून निघून दौलताबादेत राहिले. यादवांची सत्ता संपून जेमतेम दशक उलटलं होतं. सूरींच्या ग्रंथात पैठण आहे, नाशिक आहे, आणि श्रीपूरचे अंतरिक्ष, म्हणजे जमिनीला न टेकलेले, पार्श्वनाथही आहेत. श्रीपूर म्हणजेच आपलं शिरपूर. ते लिहितात, पूर्वी डोक्यावर घागर घेतलेली बाई मूर्तीखालून जाऊ शकत असे, आता फक्त उपरण्याएवढी फट उरली आहे. श्रद्धेच्या गोष्टीतही हा माणूस अंतर मोजून सांगतो, म्हणून मला तो लेखक म्हणून आवडतो.

या मूर्तीवरून श्वेतांबर-दिगंबरांनी लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत केलेली भांडणं आपण पाहिली-ऐकली आहेत. त्यावर मी बोलत नाही. एवढंच सांगतो, की औरंगजेबाच्या अमदानीत शीलविजय नावाचा श्वेतांबर यात्रेकरू कारंज्याला आला आणि तिथल्या भोज संघवी या दिगंबर बघेरवाल सावकाराच्या दानधर्माचं मनापासून कौतुक लिहून गेला.

कारंज्यात बलात्कार, सेन आणि काष्ठा अशा तीन भट्टारक परंपरांची मंदिरं आहेत, पोथ्यांची भांडारं आहेत. ‘विविधतीर्थकल्प’ मुनी जिनविजयांनी १९३४ साली छापून दिला. वाशीम-अकोल्याच्या महाविद्यालयांतल्या दोन-तीन तरुण प्राध्यापकांनी प्राकृत शिकून त्यातली पैठण, नाशिक आणि श्रीपूर एवढीच प्रकरणं टिपांसह वऱ्हाडी वाचकापुढं ठेवावीत. पुस्तक शंभर पानांच्या आतलं होईल. छपाईच्या खर्चातला माझा वाटा मी आजच जाहीर करतो.