हातचा कोठे गेला?

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



यंत्राच्या पोटात बसविलेल्या संगणकातील चूक कशी शोधतात, यावर मॅट्रिक झालेल्या एका निवृत्त शिक्षकाने बोलावे, याचे येथील इंजिनीअर मंडळींस हसू येईल. ते येऊ द्यावे. आम्ही सांगणार आहोत ती चूक तिसरीच्या वर्गातली आहे, आणि तो वर्ग आम्ही पुष्कळ वर्षे घेतला आहे.

आपल्या जिल्ह्यात दुधावर किती घरांचा प्रपंच चालतो हे सांगावयास नको. कोल्हापूर जिल्हा सहकारी दूध उत्पादक संघ 1963 साली स्थापन झाला. सकाळ-संध्याकाळ गावच्या संस्थेत दूध घालावे व दर दहा दिवसांनी बिल घ्यावे, हे आता अंगवळणी पडले आहे. पूर्वी लिटरचे माप व वही असे. पुढे इलेक्ट्रॉनिक काटा आला. भांडे ठेवले की आकडा उमटतो आणि पावती निघते.

ज्या लहानशा संस्थेचा हिशेब आम्ही पाहत असू, तेथे आठ-पंधरा दिवसांतून एखाद्या वेळी पावत्यांची बेरीज व यंत्राची एकूण बेरीज जुळेनाशी झाली. यंत्राचा आकडा कमी, पावत्यांचा जास्त. यंत्र चुकत नाही अशी गावाची श्रद्धा. तेव्हा न आलेल्या दुधाची पावती सचिवांनी कोणाच्या तरी नावे फाडली, असा बोभाटा झाला. सचिव गरीब गृहस्थ. त्यांनी दोन वेळा तूट पदरची भरली, आणि त्यामुळे संशय अधिकच बळावला. संशय घेणाऱ्यांत आम्हीही होतो, हे येथे सांगितले पाहिजे.

एका रविवारी तुटीचे आकडे आम्ही एकाखाली एक मांडले : 2.56, 2.56, 5.12, 2.56. एके दिवशी तर यंत्राचाच आकडा 2.56 लिटरने जास्त होता. चोर इतका नेमका नसतो, आणि तो उलट आणूनही देत नाही. आमचा पुतण्या इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा झालेला; त्यास कागद दाखविला. कागद हाती घेताच तो म्हणाला, "काका, हा हातचा आहे!"

त्याचे म्हणणे असे. काट्यातला संगणक 8051 जातीचा. इंटेल कंपनीने तो 1980 साली बाजारात आणला. त्याच्या स्मरणाच्या एका खणात 0 ते 255 एवढेच आकडे मावतात. 256 झाले की शेजारच्या वरच्या खणात हातचा एक द्यावयाचा. आपण दहाला देतो, तो दोनशे छप्पन्नला देतो, एवढाच भेद. काटा लिटरचे शंभर भाग धरून मोजी, म्हणून दोन लिटर व एक लिटर यांची बेरीज त्याच्या लेखी 200 अधिक 100. खालच्या खणात 44 राहिले, हातचा एक. तो हरवला तर तीन लिटरांचे 0.44 लिटर होतात. तूट बरोबर 2.56.

मग हातचा हरवतो कसा, आणि तोही क्वचितच का? यंत्र बनविणाऱ्या कारखानदाराने प्रोग्रॅमचा छापील मसुदा मोकळेपणाने वाचावयास दिला. तो असेंब्ली भाषेत होता. या भाषेत एक ओळ म्हणजे यंत्राची एकच हालचाल : खण उचल, मिळव, ठेव. पुतण्याने पेन्सिल घेऊन ओळ न् ओळ वाचली. बेरीज निर्दोष होती. परंतु पडद्यावरचे आकडे पेटते ठेवण्याकरिता हा संगणक सेकंदास शेकडो वेळा हातातले काम टाकून दुसरीकडे जातो व परत येतो. जाताना हातातली संख्या बाजूस ठेवण्याची आज्ञा लिहिली होती. हातचा बाजूस ठेवण्याची राहिली होती! खालच्या खणाची बेरीज झाली व वरच्याची व्हावयाची आहे, अशा सेकंदाच्या काही लक्षांश भागात ते बोलावणे आले तरच हातचा पुसला जाई, किंवा नसलेला उगवे. फळ्यावर गणित मांडताना दाराशी शिपाई यावा आणि परत वळल्यावर हातचा विसरावा, हे आमच्या बाबतीत किती वेळा घडले असेल!

पुतण्याने ते बोलावणे मुद्दाम अधिक वेळा येईल असे केले आणि तीच बेरीज रात्रभर चालविली. सकाळी चुकांची रासच पडली होती. मग दोनच ओळी घातल्या : जाताना हातचा ठेव, येताना परत घे. दुसऱ्या रात्री एकही चूक नाही. तथापि एका रात्रीने काही सिद्ध होत नाही, मसुदा वाचून जे कळले तेच खरे, असे तो म्हणाला. ते आम्हांस पटले.

असला दोष परदेशात जिवावरही बेतला आहे. कॅनडात तयार झालेल्या थेरॅक-25 या किरणोपचार यंत्राने 1985 ते 1987 या काळात सहा रुग्णांस अतिप्रमाणात किरण दिले. त्याचाही प्रोग्रॅम असेंब्ली भाषेतला. त्यातील एका दोषात एका खणातला आकडा दर खेपेस एकाने वाढे, आणि 256व्या खेपेस तो शून्य होऊन तपासणीच गाळली जाई. रुग्ण भाजल्याचे सांगत होते, आणि यंत्राकडून असे होणे शक्य नाही, असे उत्तर प्रारंभी मिळत होते.

आमच्या संस्थेच्या सर्वसाधारण सभेत सचिवांची रक्कम परत करण्याचा ठराव आम्हीच मांडला. त्यांनी पैसे घेतले, सही केली, आणि सहा महिने आमच्याशी बोलले नाहीत. अलीकडे बोलतात. काटा दुरुस्त झाला असला तरी रोजच्या पावत्यांची बेरीज ते पेन्सिलीने करून आमच्याकडे धाडतात, व आम्ही ती तपासून खाली सही करतो.