राजगड ते रायगड : एक पायवाट

भोर-वेल्ह्याच्या डोंगरांत राहणाऱ्या माणसाला चालण्याचं कौतुक ते काय सांगायचं? बाजाराला, जत्रेला, लेकीच्या सासरी पायीच जायचं, ही तिथली कालपरवापर्यंतची रीत होती. तरीही आज मी चालण्याविषयीच बोलणार आहे. राजगडावरून निघायचं, डोंगराच्या धारेनं तोरणा गाठायचा, तिथून पश्चिमेला सह्याद्रीच्या कड्याशी यायचं आणि कडा उतरून रायगडाला जायचं, अशी तीन-चार दिवसांची एक वाट आहे. दर हिवाळ्यात शहरांतली तरुण मंडळी पाठीवर बोजे घेऊन या वाटेनं जातात. रानावनातली भटकंती, असं ती म्हणतात. रान आहे यात शंका नाही. पण ही वाट माणसांनी पाडली आणि माणसांनीच राखली, हे सहसा कुणाच्या ध्यानात येत नाही.

आधी वाट कशी जाते ते पाहू. राजगडाच्या तीन माच्या आपल्याला ठाऊक आहेत : पद्मावती, सुवेळा आणि संजीवनी. संजीवनी माचीवरच्या अळू दरवाजातून बाहेर पडलं की डोंगराची सोंड लागते. उजव्या हाताला वेल्ह्याचं कानद खोरं आणि डाव्या हाताला वेळवंडीचं खोरं, जिथे १९२८ साली पुऱ्या झालेल्या भाटघर धरणाचं पाणी पसरलं आहे. या दोन खोऱ्यांमधली ही धार म्हणजे जणू भोर आणि वेल्हे यांच्यामधला बांधच. वेल्ह्याच्या तालुक्याला आता राजगड तालुका असं नाव मिळालं आहे. मध्ये वेल्हे-भुतोंडे रस्त्याची खिंड ओलांडावी लागते आणि मग तोरण्याच्या बुधला माचीची चढण सुरू होते. तोरणा उंचीला सुमारे १४०० मीटर. महाराजांनी त्याचं नाव प्रचंडगड ठेवलं, ते का, हे चढताना कळतं!

तोरण्यापासून पश्चिमेला मोहरी, सिंगापूर ही लहान गावं आहेत. मोहरीजवळच्या रायलिंगाच्या पठाराच्या टोकाशी उभं राहिलं की पायाखाली कोकण, समोर लिंगाण्याचा सुळका आणि त्याच्या मागे रायगड दिसतो. तिथून खाली उतरायला नाळी आहेत. नाळ म्हणजे कड्याच्या खाचेतून उतरणारी दगडधोंड्यांची अरुंद वाट. बोराट्याची नाळ लिंगाण्याच्या खिंडीकडे उतरते. सिंगापूरची नाळ दापोली गावाकडे उतरते. ही दापोली महाड तालुक्यातली, समुद्राजवळची नव्हे.

राजगड सुमारे पंचवीस वर्षं स्वराज्याची राजधानी होता. १६६५ साली पुरंदरच्या तहात २३ किल्ले मोगलांना द्यावे लागले. पण राजगड, तोरणा आणि रायगड महाराजांनी आपल्याकडेच ठेवले. नकाशावर हे तीन गड एका रेषेत मांडून पाहा. घाटावरून कोकणात उतरण्याच्या वाटा या गडांच्या नजरेखाली होत्या. पुढे राजधानी रायगडाला गेली आणि १६७४ साली तिथे राज्याभिषेक झाला. शाळेत आपण राजधानी हलली एवढंच एक वाक्य शिकवतो. पण त्यासाठी माणसांना आणि जनावरांना हा सह्याद्री ओलांडावा लागला असेल, हे मुलांना कड्यावर उभं केल्यावरच उमगेल.

या वाटा काही केवळ राजकारणाच्या नव्हत्या. घाटवाटांनी खालून मीठ आणि सुकी मासळी वर येई, वरून धान्य खाली जाई. सोयरिकी जुळत त्या याच वाटांनी. पुढे भोरहून वरंध घाटातून महाडला गाडीरस्ता झाला आणि डोक्यावरचा बोजा मोटारीत गेला. ते चांगलंच झालं. बाळंतिणीला झोळीत घालून नाळ उतरावी, असं कुणी म्हणणार नाही.

पण पायवाटेचा स्वभाव शेतबांधासारखा आहे. तिच्याकडे पाहणारा असेल तोवर ती टिकते. माणसांच्या आणि गुरांच्या पायांनी माती दबते, तिच्यावर गवत धरत नाही, म्हणून वाट दिसते. चालणं थांबलं की दोन-चार पावसाळ्यांत गवत आणि करवी तिला गिळून टाकतात. उतारावर मग पाणी वाटेतच शिरतं आणि तिचा ओहळ होतो.

मोहरीच्या बाजूला एक वयस्क बाबा आमच्याबरोबर वाट दाखवायला आले होते. मी विचारलं, "बाबा, या वाटेला आता कोण येतं?" ते म्हणाले, "आता तुमच्यासारखेच येत्यात. गुरं व्हती तवा वाट कशी झाडल्यागत असायची." प्रत्येक वळणाला त्यांच्याकडे नाव होतं, कुठे एखाद्या उंबरावरून, कुठे पडलेल्या बैलावरून. त्यांचा नातू पुण्याला कामाला होता आणि सुटीवर आला होता. निम्मी नावं तो आमच्याबरोबर पहिल्यांदाच ऐकत होता.

श्रोतेहो, हा तोटा साधा नाही. नाव गेलं की वाट सांगता येत नाही, आणि वाट सांगता आली नाही की माणूस चुकतो. धुक्यात, करवीच्या रानात दहा पावलांवरचं दिसत नाही. एक सोंड सोडून दुसरी धरली तर पुढे कडाच लागतो. म्हणून जाणाऱ्यांना दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. गावातला वाटाड्या सोबत घ्या आणि त्याच्या दिवसाची योग्य मजुरी द्या. पावसाळ्यात नाळींच्या वाटेला जाऊ नका, कारण तेव्हा त्या धबधबे असतात. उन्हाळ्यात पाणी बरोबर हवं. धारेवर ते मिळेलच असं नाही. गडावर मुक्काम करता येतो की नाही, हे आधी विचारून घ्यावं. आग्या मोहोळ असेल तिथे धूर आणि आरडाओरडा अजिबात नको.

आता शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती. आपल्या शाळेभोवतीच्या चार-पाच मैलांतल्या पायवाटा मुलांकडून लिहून घ्या. खिंड, सोंड, पदर, नाळ, पाणवठा यांची गावातली नावं आजी-आजोबांना विचारून वहीत उतरवा. नकाशा हातानं काढा, मोडकातोडका चालेल. आणि वर्षातून एकदा, दिवाळीनंतर, त्यातली एखादी वाट मुलांबरोबर चालून या. भूगोल, इतिहास आणि भाषा, तिन्ही विषयांचा तो एक तास होईल. पुढच्या वर्षी त्या वाटेवर गवत थोडं कमी असेल, हा लाभ वेगळाच.