ठेव, कर्ज आणि विश्वास
(जीर्णोद्धार समारंभातील भाषण)

 

पुण्याकडून येणारा वाटसरू नीरा ओलांडतो आणि सातारा जिल्ह्यात पहिले पाऊल टाकतो, ते शिरवळच्या भूमीवर. या भूमीत आज मंदिराचा जीर्णोद्धार पुरा होत आहे. कुणी मोठी रक्कम दिली, कुणी घामाचे चार पैसे दिले. देणाऱ्याने पावती घेतली आणि पैसा दुसऱ्याच्या हाती सोपविला. दुसऱ्याचा पैसा सांभाळणे हे व्रत किती कठीण आहे, हे आपल्याच जिल्ह्यातील एका कार्यकर्त्याच्या चरित्रावरून पाहण्यासारखे आहे. ते म्हणजे कराड तालुक्यातील उंडाळ्याचे विलासराव पाटील, अर्थात विलासकाका उंडाळकर.

15 जुलै 1938 रोजी जन्मलेले विलासकाका हे स्वातंत्र्यसैनिक दादा उंडाळकर यांचे चिरंजीव. 1967 साली, वयाची तिशीही उलटली नसताना, ते सातारा जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेचे संचालक झाले. या बँकेची नोंदणी 1949 ची आणि कामकाज सुरू झाले 1950 साली. तो काळ सावकारीचा होता. रिझर्व्ह बँकेने 1951-52 मध्ये ग्रामीण कर्जाची देशव्यापी पाहणी केली, तेव्हा शेतकऱ्याच्या शंभर रुपये कर्जापैकी सुमारे सत्तर रुपये सावकाराचे आणि जेमतेम तीन रुपये सहकारी संस्थांचे, असे आढळले. या तीन रुपयांचे तीस करावयाचे, हे त्या पिढीपुढचे काम होते.

ते काम चालते कसे? गावची विकास सोसायटी सभासदाला पीककर्ज देते. सोसायटीला जिल्हा बँक पैसा पुरविते, जिल्हा बँकेच्या पाठीशी राज्य बँक, आणि 1982 पासून त्यावर नाबार्ड. पैसा वरून खाली येतो. वसुली मात्र खालून वर जावी लागते. एका गावाने थकविले तर साखळीची एक कडी ढिली होते. जिल्हा बँकेतला पैसा हा शिक्षकाचा, विधवेचा, पेन्शनराचा ठेवीचा पैसा असतो, हे विसरून चालत नाही.

सोसायटी मतदारसंघातून संचालक निवडला जातो तो सोसायट्यांच्या ठरावांवर. एका सोसायटीचे एक मत. म्हणजे ज्याच्याकडे वसुलीचा तगादा लावायचा, त्याच्याच दारी मत मागायला जायचे! 1980 साली विलासकाका कराड दक्षिणमधून विधानसभेवर निवडून गेले, तेव्हा हा पेच दुप्पट झाला. मताला सात-बारा लागत नाही, कर्जाला लागतो. आमदाराला सर्वांना 'हो' म्हणावेसे वाटते. बँकेच्या संचालकाला मात्र योग्य वेळी 'नाही' म्हणावे लागते. 1980 पासून 2009 पर्यंतच्या सलग सात निवडणुका त्यांनी जिंकल्या, राज्याचे मंत्रीपदही भूषविले, परंतु बँक सोडली नाही. या बँकेला नाबार्डचे पुरस्कार वारंवार मिळाले. ते यश एकट्याचे नव्हे. संचालक, सेवक आणि वेळेवर फेड करणारा शेतकरी या सर्वांचे ते आहे.

बँकेतून राज्यकारभाराकडे जाण्याची ही वाट जुनी आहे. प्रांतिक सहकारी बँकेचा कारभार अनेक वर्षे वाहणारे वैकुंठभाई मेहता 1946 मध्ये मुंबई राज्याचे अर्थमंत्री झाले होते.

एकाच खुर्चीवर एकाच माणसाने अर्धशतक बसावे काय, असे विचारणारेही होते. तो प्रश्न गैर नव्हे. जनतेनेही आपला कौल दिला. 2014 साली अपक्ष म्हणून उभे राहिलेल्या विलासकाकांचा पृथ्वीराज चव्हाण यांच्याकडून पराभव झाला. विधानसभा सुटली, बँकेचे संचालकपद अखेरपर्यंत राहिले. आणि 2020 च्या नोव्हेंबरात, वर्षानुवर्षे एकमेकांविरुद्ध उभे ठाकलेले चव्हाण आणि उंडाळकर हे दोन गट कराडात एका व्यासपीठावर आले. पुढे दोनच महिन्यांत, 4 जानेवारी 2021 रोजी, विलासकाकांचे निधन झाले. दिलजमाईला फार उशीर करू नये, हाच त्यातला बोध.

सज्जनहो, मंदिर बांधून होते, पण हिशेब कधीच बांधून होत नाही. तो दरवर्षी नव्याने मांडावा लागतो. कळस चढविताना वर पाहायचे असते. हिशेब लिहिताना खाली, पावतीपुस्तकाकडे. जमाखर्चाचा कागद सभामंडपात सर्वांना वाचता येईल असा लागावा. कारभारात तरुणांना जागा मिळावी. गावात दोन गट असले तरी आरतीला रांग एकच असावी. ज्याने पाच रुपये दिले त्यालाही प्रश्न विचारण्याचा तेवढाच अधिकार असावा. सोसायटीत जसे एका सभासदाला एक मत, तसेच देवाच्या दारी.

देणगी ही देवाची ठेव आहे. ठेवीदाराचा विश्वास हेच तिचे व्याज. ते व्याज थकू न देण्याची सद्बुद्धी ग्रामदैवत सर्वांना देवो!

जय हिंद! जय महाराष्ट्र!