खडकाचा फोटो



माझ्याजवळ एक जुना फोटो आहे. वीसेक वर्षांपूर्वी मी कॉलेजात नुकताच लागलो होतो, तेव्हाच्या सहलीचा. गावाबाहेरच्या एका टेकडीच्या उघड्या अंगाला काळ्या दगडाचे उभे खांब होते. पाच-सहा बाजूंचे, एकमेकांना चिकटलेले, जणू पेन्सिलींची जुडी बांधून ठेवलीय. आम्ही सगळे त्यांच्यापुढे दाटीने उभे राहिलो आणि फोटो काढला. आज ती टेकडी नाही. तिची खडी होऊन रस्त्यावर गेली. फोटोत तीस चेहरे आहेत, आणि खडक दोन डोक्यांच्या मधून वीतभर डोकावतो!

रस्ता हवाच, त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार माझी माझ्यावरच. भूगोल शिकवणारा मी, आणि मलाच सुचू नये?

ते खांब कुणी घडवलेले नव्हते. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या सुमारास जमिनीच्या भेगांतून लाव्हा वाहिला, पसरला, निवला. तळ्यातला गाळ उन्हाने वाळला की कसा भेगाळतो? तसाच निवताना तो आक्रसला आणि तडकला. तडे खोल गेले, खांब झाले. असे लाव्ह्याचे थरावर थर साचले. त्यांतले टणक थर कडे होऊन उभे राहिले, ठिसूळ होते ते झिजून पायऱ्या झाल्या. आपल्या दगडाला शास्त्रज्ञ ‘ट्रॅप’ म्हणतात, तो शब्दही पायरी या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून आलेला आहे. दोन थरांमध्ये कुठेकुठे तांबडा पट्टा दिसतो. एक लाव्हा निवून पुढचा येईपर्यंत मध्ये पुष्कळ काळ गेला, खडक कुजून माती झाली आणि नव्या लाव्ह्याने ती भाजली. घाटात एस.टी.च्या खिडकीतून आपण तो शंभरदा पाहिलेला असतो.

शिक्षकबंधुभगिनींनो, आता मोबाइलमध्ये कॅमेरा आहेच. मात्र भर दुपारी खडकाचा फोटो घेऊ नका. सगळे सपाट दिसते. सकाळी किंवा उतरत्या उन्हात, बाजूने प्रकाश पडला की प्रत्येक भेग उठून दिसते. एक फोटो लांबून, एक जवळून. आणि मापाला काहीतरी शेजारी हवेच. पारनेर तालुक्यात निघोजजवळ कुकडीच्या पात्रात रांजणखळगे आहेत. पुराच्या भोवऱ्यात गोटे गरगरा फिरून त्यांनी पात्रातला खडक कोरला आहे. त्यांचे फोटो मी हौसेने काढून आणले. घरी आई म्हणाली, “उखळं कुणाची रे ही?” तिचे काय चुकले? शेजारी माणूस नाही, काठी नाही. रांजण की उखळ, कळावे कशावरून? फोटोमागे गाव, तारीख आणि दिशा लिहायची, तीही बहुधा राहतेच.

गेल्या हिवाळ्यात मुलांना घेऊन शेजारच्या डोंगरावर गेलो. तिथला तांबडा पट्टा अजून शाबूत आहे. मुले पुढे उभी राहायला धावली, त्यांना मागे सारले. एक गुराखी पाहत होता. म्हणाला, “मास्तर, नुसत्या दगडाचा फोटू?” मग त्यालाच काठीसकट पट्ट्याच्या कडेला उभा केला. काठी मोजली, पाच फूट भरली. पट्टा तिच्या बरोबर निम्म्याला लागतो.