छोट्या रेल्वेसाठी मुलूख निवडताना

हौसेची छोटी रेल्वे मांडायची तर आधी मुलूख ठरवावा लागतो. ८७ पट लहान केलेल्या रेल्वेतही खरा १ किलोमीटर साडेअकरा मीटर भरतो. सातारा ते सांगली हा पल्ला घरात मावणे नाही. म्हणून आदर्कीचा घाट देखणा खरा, तरी आपण एकटे मिरज जंक्शन घ्यावे. तेही १९७१ नंतरचे. त्या साली पुण्याकडून ब्रॉडगेज आली. बेळगावकडे मीटरगेज होतीच, आणि पंढरपूरकडे जुन्या बार्शी लाइट रेल्वेची नॅरोगेज. रुळांची रुंदी बदलली की डबा अडतो. उतारू नि माल दुसऱ्या गाडीत चढवावे लागतात. घाटात गाडी नुसती धावते, मिरजेत तिला काम असते. आज तिथे ब्रॉडगेजच उरली आहे. स्थानकातून गेले ते निदान आपल्या मेजावर नांदावे.