विरोध मताला, की जन्माला?



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण जमलो आहोत, त्यांच्या वर्गात मी एकदा मान खाली घालून उभा राहिलो होतो. त्या प्रसंगापासूनच आरंभ करतो.

आठवड्याची वक्तृत्वसभा होती. माझ्याआधी बोललेल्या मुलाने माझे मुद्दे एकामागून एक खोडून काढले होते. त्याची आई निपाणीतल्या तंबाखूच्या वखारीत कामाला जात असे. मला उत्तर सुचेना, तेव्हा मी त्याच्या वस्तीचा उल्लेख करून म्हणालो, “तिकडच्यांनी आम्हांला शिकवू नये.” वर्ग हसला. गुरुजी हसले नाहीत. ते म्हणाले, “तो काय म्हणाला, ते आधी सांग. मग तुझे उत्तर दे.” मला एक वाक्यही सांगता आले नाही, कारण मी ऐकलेच नव्हते. तो कोण आहे, एवढेच मी पाहिले होते.

आजचा विषय, राष्ट्रीय नेत्याला होणारा विरोध आणि त्यात जातीचा वाटा, हा त्या प्रसंगाचाच विस्तार आहे. त्यासाठी दूर जाण्याचे कारण नाही. डिसेंबर 1924 मध्ये बेळगावला काँग्रेसचे अधिवेशन भरले. महात्मा गांधींनी अध्यक्षपद भूषविलेले ते एकमेव अधिवेशन. त्यानंतर चारच महिन्यांनी, एप्रिल 1925 मध्ये, निपाणीत मुंबई इलाखा प्रांतिक बहिष्कृत परिषद भरली. अध्यक्ष होते डॉ. भीमराव आंबेडकर. वय चौतिशीच्या उंबरठ्यावर. विलायतेहून परतून दोन वर्षे झालेली.

त्या परिषदेत डॉ. आंबेडकरांनी गांधीजींविषयी जे विवेचन केले, ते विरोध कसा करावा याचा वस्तुपाठच आहे. अस्पृश्यांना कोणी जवळ करीत नसताना गांधीजींनी दाखविलेल्या सहानुभूतीचे मोल त्यांनी मोकळेपणाने मान्य केले. पण खादी आणि हिंदु-मुस्लिम ऐक्य यांवर गांधीजी जेवढा भर देतात, तेवढा अस्पृश्यतानिवारणावर देत नाहीत, हेही त्यांनी स्पष्टपणे सांगितले. देशातील सर्वांत मोठ्या नेत्याला हा विरोधच होता. पण तो धोरणाला होता. गांधीजी कोणत्या कुळात जन्मले, हा त्यातला मुद्दा नव्हता.

आता याच माणसाच्या वाट्याला कोणता विरोध आला, ते पाहा. 1918 मध्ये ते मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापक झाले, तेव्हा प्राध्यापकांसाठी ठेवलेल्या भांड्यातील पाणी त्यांनी प्यावे, यालाच काही सहकाऱ्यांची हरकत होती. मार्च 1927 मध्ये महाडला त्यांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. ते तळे सर्वांना खुले असल्याचा ठराव नगरपालिकेने आधीच केला होता. तरीही सत्याग्रहींवर हल्ले झाले आणि पुढे पंचगव्याने तळ्याचे ‘शुद्धीकरण’ करण्यात आले. त्या शुद्धीकरणात युक्तिवाद कोठे आहे? ठरावाला उत्तर नव्हते, म्हणून माणसाच्या स्पर्शालाच उत्तर दिले गेले.

येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. डॉ. आंबेडकरांना झालेला प्रत्येक विरोध जातीतून आला, असे म्हणणे सत्याला धरून होणार नाही. स्वतंत्र मतदारसंघाच्या मागणीवर प्रामाणिक मतभेद होते. 1952 च्या निवडणुकीत मुंबईत त्यांचा पराभव करणारे नारायण काजरोळकर स्वतः अनुसूचित जातीचेच होते. त्या पराभवात पक्षांच्या बळाचा आणि आघाड्यांच्या गणिताचा भाग मोठा होता. नेता दलित आहे म्हणून त्याच्यावर टीकाच करू नये, असा दंडक घातला, तर तोही त्याचा जन्मच पाहणे झाले.

मग निवाडा कसा करावा? हिंदू कोड बिलाचे उदाहरण घेऊ. राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांचा आक्षेप असा होता, की थेट जनतेने निवडून न दिलेल्या हंगामी संसदेने एवढा मोठा बदल करू नये. हा आक्षेप पटो वा न पटो, विधेयक कोणीही मांडले असते तरी तो तसाच राहिला असता. उलट करपात्री महाराजांचा एक आक्षेप असा होता, की ज्या विषयांवर ब्राह्मणांचा अधिकार, त्यांत पूर्वाश्रमीच्या अस्पृश्याने हात घालू नये. विधेयक दुसऱ्याने मांडले असते, तर हा आक्षेप उरलाच नसता. मांडणाऱ्याचे नाव बदलून पाहावे. आक्षेप उरतो की गळून पडतो, यावरून त्याची जात कळते. विधेयक रखडले आणि डॉ. आंबेडकरांनी सप्टेंबर 1951 मध्ये मंत्रिपदाचा राजीनामा दिला. पुढे 1955 आणि 1956 मध्ये त्यातील बराचसा भाग चार स्वतंत्र कायद्यांच्या रूपाने संमत झाला.

ही केवळ आपल्या देशाची व्यथा नाही. आपल्याकडे जे जातीने होते, ते अमेरिकेत वर्णाने होते. 2008 मध्ये बराक ओबामा अध्यक्षपदी निवडून आले. त्यांना होणाऱ्या तीव्र विरोधामागे बऱ्याच अंशी वर्णद्वेष असल्याचे माजी अध्यक्ष जिमी कार्टर यांनी 2009 मध्ये उघडपणे सांगितले. स्वतः ओबामांच्या कार्यालयाने मात्र ते मत स्वीकारले नाही. त्यांच्या आरोग्यविमा योजनेला विरोध करण्याचा हक्क प्रत्येक नागरिकाला होता. पण निवडून आलेल्या अध्यक्षाला आपण याच देशात जन्मलो, हे पटविण्यासाठी 2011 मध्ये जन्मदाखला तपशीलवार प्रसिद्ध करावा लागला. तेथेही नाव बदलून पाहा.

आपण सीमाभागातील माणसे. माणूस तोंड उघडतो न उघडतो तोच, त्याच्या भाषेवरून त्याची बाजू ठरवून टाकायची, हा अनुभव 1956 नंतर या भागाला नवा नाही. तो आपण सोसला आहे आणि, खरे सांगायचे तर, दुसऱ्यालाही दिला आहे. ज्याने ही कळ सोसली, त्याने तरी ती पुढे देऊ नये.

विद्यार्थिमित्रांनो, नेत्यांना विरोध करा. लोकशाहीत तो हक्क आहेच, कर्तव्यही आहे. निपाणीच्या त्या परिषदेत एका तरुणाने तो किती नेटका करता येतो, हे दाखवून दिले. फक्त विरोधाला उभे राहण्याआधी समोरचा काय म्हणाला, ते स्वतःच्या शब्दांत एकदा सांगून पाहा. सांगता आले नाही, तर खाली बसा.

मी त्या दिवशी खाली बसलो. पण त्या मित्राची क्षमा मागायचे राहून गेले. पुढे त्याची शाळा सुटली आणि आमची गाठ पडली नाही. तो आज या सभागृहात असेल, तर गुरुजींच्या साक्षीने मी त्याची क्षमा मागतो.